धुऱ्यावरची गंजी

बुलढाण्याला, घाटमाथ्यावर, आमच्या कॉलेजच्या मागं, सायकल स्टँडच्या पलीकडं, पऱ्हाट्यांच्या भिंतींची एक खोली आहे. कापूस वेचून संपला की शेतात झाडांच्या वाळक्या काड्या उरतात, त्या पऱ्हाट्या. त्या उभ्या बांधून वरून शेणमातीचा लेप दिलाय. दारावर हिरव्या रंगात 'हरित वास्तू' लिहिलेलं होतं, ते आता ज्याला माहीत आहे त्यालाच वाचता येतं. आत मोडकी बाकं आणि गॅदरिंगचे बांबू ठेवतात. स्टाफरूमला जायची माझी वाट तिच्यावरूनच आहे.

यंदा आमच्याकडं तेच जुने अभ्यासक्रम नव्या नावानं परत सुरू होतायत. अपारंपरिक ऊर्जा, हरित बांधकाम, आणि त्या दोहोंना गावाशी जोडायला समाजशास्त्र. पदार्थविज्ञानाचे नवे सर, वयानं तरुण, डबा घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"मॅडम, मागं तुम्ही घाटाखालून पऱ्हाट्या गोळा केल्या होत्या म्हणे. साठवल्या कुठं होत्या? जागा दाखवाल?"

"सांगते," मी म्हणाले, आणि पोळी दुमडून परत डब्यात ठेवली. मला फार बोलता येत नाही, हे स्टाफरूमला ठाऊक आहे, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही.

साठवल्या कुठं होत्या, ते आता सांगते.

त्या वेळी मी तासिका तत्त्वावर होते. जेवढे तास शिकवू तेवढ्याचा मोबदला, उन्हाळा कोरडा, आणि कॉलेज उघडलं की पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच फाइल काखोटीला. पुण्याहून एम.ए. होऊन आलेली, वय वाढत चाललेलं, आणि शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांशी जपून हसणारी बाई. मूल्यांकनाची समिती येणार होती. समिती खूश झाली तर समाजशास्त्राची एक जागा कायम भरता येईल, असं प्राचार्य म्हणाले होते. ती जागा माझी असेल असं ते म्हणाले नव्हते. मी तसं ऐकलं होतं.

समितीला दाखवायला काहीतरी इथलं हवं होतं. पदार्थविज्ञानाचे तेव्हाचे सर उत्साही माणूस. घाटाखालून येणारी एसटी राजूर घाट चढताना खाली बघायचे आणि म्हणायचे, "ही सगळी ऊर्जा पडून आहे, मॅडम. लोक काडी लावतात आणि फुकट घालवतात." त्यांचा बेत असा होता. पऱ्हाट्या गोळा करायच्या. काही कॉलेजात आणून खोली बांधायची. बाकीच्या गावातच रचून ठेवायच्या, यंत्र मंजूर झालं की त्यांचा कांडीकोळसा, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, करायचा. ऊर्जेचा भाग त्यांचा, बांधकाम आठवड्यातून एकदा येणाऱ्या एका इंजिनिअरचं, आणि माझ्याकडं 'लोकसहभाग'. म्हणजे लोकांनी पऱ्हाट्या द्याव्यात म्हणून त्यांना पटवायचं. मीच का, तर माझं माहेर रोहिणखेडच्या पलीकडं. मला तिथलं बोलता येतं.

खोली बांधताना मुलांनी फार हसून घेतलं. चिखल तुडवता तुडवता एक म्हणाला, "मॅडम, हे असंच घर पाडून आमी घरकुलात गेलो. माह्या बापाले सांगा ना, मार्क भेटतात म्हणून." मीही हसले. ते हसू मला आवडलं होतं. आपण मुलांच्या जवळ आहोत असं वाटलं.

त्या वर्गात एक मुलगी होती. दाराजवळच्या बाकावर बसायची, शेवटच्या तासानंतर एसटी सापडावी म्हणून. वडील सुरतेला कापडाच्या कारखान्यात, घरची शेती आई बघायची. प्रश्न विचारला की ही लगेच बोलत नसे. बाकीचे पुस्तकातलं बोलून झाले की मग हळूच स्वतःच्या गावातलं एखादं उदाहरण सांगायची, आणि ते पुस्तकाहून नेमकं असायचं. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. करायला नागपूरला जाता येतं, तिथं वसतिगृह असतं, हे तिला मीच सांगितलं. ते वेड मीच लावलं. ती घरी बोलली. आईनं बरेच दिवस घेतले आणि शेवटी म्हणाली, तुझ्या शेवटच्या वर्षाचा कापूस नीट येऊ दे, मग जा. मुलीनं मला हे ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी तिची एसटी चुकली. बोलतच राहिली होती.

तेव्हा पऱ्हाट्यांसाठी गाव निवडायची वेळ आली, तर मी तिचं गाव निवडलं.

उलंगवाडी झाली होती, म्हणजे शेवटची वेचणी होऊन कपाशी उपटायला लागली होती. मी गावात गेले आणि मुद्दाम मले-तुले सुरू केलं. पुण्यात असताना हे बोलणं मी घासून घासून काढलं होतं. एकदा खोलीतल्या मुलींनी माझी नक्कल केली होती, तेव्हापासून. त्या दिवशी ते परत बाहेर काढलं. कामाचं होतं म्हणून.

पारावर बायका जमल्या. मुलीची आई पुढं होती. उंच, हातात विळा, कपाळावर पदर.

"कायले पाह्यजे हो मॅडम तुमाले पऱ्हाट्या? चुलीले?"

"नाई ताई, कॉलेजच्या पोरायले शिकवाले पाह्यजे."

"पऱ्हाट्या शिकोता पोरायले? बरं हाय. मंग आमाले मास्तरीन करा ना."

सगळ्या हसल्या. ट्रॅक्टर भाड्यानं देणारे एक चाचा बाजूला बिडी ओढत उभे होते. ते म्हणाले, "काटे तुमचे, कोयसा कॉलेजचा. सौदा बराबर हाय, भाभी, देऊन टाका."

जागेचा प्रश्न निघाला. गंजी रस्त्याच्या कडेला हवी, ट्रक लागेल अशी. रस्त्याला लागून शेत होतं ते नेमकं यांचंच. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या हद्दीवर, मोकळी पट्टी होती. आईला ते पसंत नव्हतं.

"मी पाऊस यायच्या आधीच टोबते, विहिरीवर. मले तथं अडचन नाई पाह्यजे."

"त्याच्या आत उचलतो ताई. माहा शब्द हाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. तेव्हा मुलगी मागून म्हणाली, "आई, मॅडम म्हनतात ना."

एवढंच. गंजी रचली गेली. चाचांच्या ट्रॅक्टरनं गावभरच्या पऱ्हाट्या आणून टाकल्या, घरापेक्षा उंच ढीग झाला. सरांनी फोटो काढले. माझा हात धरून मुलीची आई एका फोटोत उभी आहे, आणि माझ्या चेहऱ्यावर लोकसहभाग आहे.

मे महिन्यात मी एसटीनं बुलढाण्याला परत येत होते. शेजारी आमच्या भागाचे कृषी सहायक बसले होते, तोंडओळखीचे. घाट सुरू झाला तसे म्हणाले, "मॅडम, ती रस्त्यावरची गंजी तुमच्या कॉलेजची ना? पेरणीच्या आत हलवा किंवा जाळून टाका. त्या पऱ्हाट्यांले बोंडं राह्यले हायत. किडकी बोंडं. गुलाबी अळी त्याच्यात झोपून राह्यते. दोन पाऊस पडले का पाखरू होऊन उडते, अन् जोळची कपाशी धरते. बीटीले आता जुमानत नाई ते."

बीटी, म्हणजे अळी न लागणारं कपाशीचं बियाणं, आली तेव्हा आमच्या घरी वडिलांनी बोंड फोडून आम्हाला दाखवलं होतं. आत अळी नाही, पांढरं स्वच्छ. फवारणी कमी झाली, लोकांच्या अंगावर कपडे बरे आले. मग हळूहळू परत ती आली. बोंडाच्या आत बसून खाणारी, बाहेरून न दिसणारी. हे मला माहीत होतं. मी शेतकऱ्याच्या घरातली आहे. मला समजावून सांगायची गरज नव्हती.

"हो, सांगते सरांना," मी म्हणाले.

सांगितलं. सरांनी कपाळाला हात लावला. यंत्राची मंजुरी अडकली होती. समिती पावसाळ्याच्या तोंडाशी येणार असं कळलं होतं, आणि दाखवायला हातात ती गंजीच होती. "ढीगच नसेल तर दाखवायचं काय, मॅडम? आणि एवढ्या मोठ्या तालुक्यात एका ढिगानं काय होणार? तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी मला खरंच विचारलं होतं. ते वाईट माणूस नव्हते. मी नको म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं असं मला आज वाटतं.

मी म्हणाले, "मी समाजशास्त्राची. यातलं मला काय कळणार सर?"

सरांनी मान हलवली. गंजी राहिली.

आईनं मे संपता संपता कपाशी टोबली, म्हणजे बी टोचून लावली, विहिरीच्या पाण्यावर. नवं सत्र सुरू झालं. मुलगी शेवटच्या वर्षाला आली. पहिल्याच आठवड्यात मला जिन्यावर भेटली.

"मॅडम, गंजी कवा उचलता? आई इचारून राह्यली."

"पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं. मग तिनं विचारणं सोडलं. मला वाटतं तिला माझी लाज वाटायला लागली असावी, माझ्या वतीनं. तिला मी एवढंच सांगायला हवं होतं की पोरी, कृषी सहायक असं असं म्हणालेत, जाळून टाका. त्यांना एक काडी लागली असती. आगपेटीतली. पऱ्हाट्या वाळलेल्या होत्या, घटकाभरात राख झाली असती. पण 'जाळा' असं माझ्या तोंडून गेलं असतं तर ते सरांच्या कानावर गेलं असतं, मग प्राचार्यांच्या. मी गप्प बसले. समितीची तारीख पुढं गेली. पाऊस पडला. गंजी भिजली, काळी पडली, तशीच उभी.

कपाशी फुलावर आली तेव्हा मुलगी एक दिवस स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. हातात रुमाल. त्यात कपाशीची फुलं होती, पण उमललेली नाहीत. पाकळ्या आतल्या आत चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या.

"डोमकळी हाय मॅडम. अळी आतून पाकळ्या शिवून घेते. गंजीकडच्या तासायले साऱ्या अशाच. विहिरीकडं अजून नाई."

तास म्हणजे कपाशीची ओळ. ती तक्रार करत नव्हती. वर्गात उदाहरण सांगायची तशी सांगत होती, आणि मी काय म्हणते ते बघत होती.

"फवारा काहीतरी," मी म्हणाले, आणि तासाला उशीर होतोय असं दाखवून उठले. रुमाल तिच्या हातातच राहिला.

दसऱ्याच्या पुढं-मागं समिती आली. तोवर तालुकाभर बोंडअळीची ओरड सुरू झाली होती. समितीनं ती खोली बघितली, भिंतीवरून हात फिरवला, वा म्हटलं. सरांनी गंजीचे उन्हाळ्यातले फोटो दाखवले. मग त्यातल्या एक बाई म्हणाल्या, समाजशास्त्राचा चालू तास बघू. त्या मागच्या बाकावर येऊन बसल्या. प्राचार्य दारात.

विषय होता ग्रामीण समस्या. मुलं सावध होऊन बोलत होती. पावसाची अनिश्चितता, मध्यस्थ, व्यसन, लग्नाचा खर्च. सगळं पाठ असल्यासारखं. मागच्या बाई हसून मान हलवत होत्या. मला वाटलं, झालं, निभावलं. आणि सवयीनं मी दाराजवळच्या बाकाकडं बघितलं. एवढी सवय होती मला, की बाकीच्यांचं झालं की तिचं ऐकायचं.

ती उभी राहिली.

"मॅडम, आमच्या गावात यंदा कपाशी गेली. ते कॉलेजच्या गंजीपासून सुरू झालं. अळी त्याच्यातून निंगाली. आमी पाह्यलं, पह्यली डोमकळी गंजीला लागूनच्या तासाले होती. मंग मले असं इचारायचं हाय, का शिकलेल्या लोकायनं गावात काई आनलं, अन् ते उलटलं, तर त्याले कोनती समस्या म्हनायची? ग्रामीण का..."

समाजशास्त्राचा इतका चांगला प्रश्न मला त्याआधी आणि त्यानंतर कुणी विचारलेला नाही.

प्राचार्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "तुझा विषय समाजशास्त्र आहे, कीटकशास्त्र नाही. आणि वर्गात उभं राहायचं तर आधी नीट बोलायला शिक."

वर्ग हसला. मोठ्यानं नाही, पण सगळा. मागच्या बाईही हसल्या. मुलगी उभीच होती. तिला बस म्हणायचं मी विसरले होते. थोड्या वेळानं ती आपली आपण बसली, आणि एसटीची वेळ झाली तेव्हा उठून गेली. परत आली नाही. परीक्षेलाही नाही.

तिच्या आईनं पीक मोडलं नाही. बाकीच्यांनी उभ्या कपाशीत रोटावेटर फिरवला, हिनं कवडी वेचली. कवडी म्हणजे किडक्या बोंडातला पिवळा, गोळा झालेला कापूस, चिमटीनं ओढून काढावा लागतो तो. मायलेकी दोघी वेचत होत्या, असं चाचांनी मला मोताळ्याच्या स्टँडवर सांगितलं. नागपूरचं नाव त्या घरात निघालं की नाही, ते त्यांना माहीत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न झालं.

मला जागा मिळाली. मी कायम झाले. पेढे वाटले.

त्यानंतर मी एक वाक्य पुष्कळ वापरलं. 'अळी तालुकाभर आली होती.' हे खरंच आहे. जिथं गंजी नव्हती तिथंही आली. जिनिंगच्या आवारातून आली, हंगाम संपल्यावरही लोकांनी उभ्या ठेवलेल्या कपाशीतून, फरदडीतून आली, बियाण्यानं दगा दिला म्हणून आली. आमची गंजी नसती तरी त्या आईची कपाशी वाचली असती, असं छातीवर हात ठेवून कुणीच सांगू शकणार नाही. हे वाक्य मी स्वतःला बसमध्ये म्हटलं, स्वयंपाक करताना म्हटलं. त्यात खोटं एवढंच होतं की ते मी त्या वेळी वर्गात म्हटलं नव्हतं. ते म्हटलं असतं तर निदान उत्तर झालं असतं. तिनं मग त्यावर पुढं विचारलं असतं.

नव्या सरांनी जागा विचारली त्याच्या पुढच्या रविवारी मी घाटाखाली गेले. तेव्हाचे सर आता नाहीत, त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं. मुलीची आई घरासमोर पऱ्हाट्या मोडत बसली होती, गुडघ्यावर धरून, चुलीपुरत्या. केस पांढरे झालेले. तिनं मला ओळखलं आणि पाणी दिलं. 'बसा' म्हणाली नाही, पण बाज दाखवली.

मी सगळं सांगितलं. एसटीतलं, सरांचं, माझं उत्तर. सांगताना भाषा कुठली धरावी ते कळेना. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं झालं.

ती मोडत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे खरंच तुमाले मालूम होतं मंग."

"हाव."

"अन् आमी गंजी तुमची म्हनून काडी नाई लावली. पोरगी म्हने, मॅडमची हाय, इचारल्याबिगर नको." तिनं हातातली पऱ्हाटी मोडली. "हे मले काऊन सांगता? तिले सांगा."

तिनं आतून मोबाइल आणला, नंबर लावला, "मॅडम आल्या हायत, कॉलेजच्या," एवढं बोलून माझ्या हातात दिला. मुलगी मलकापूरला असते. शाळेत पोरांची खिचडी शिजवते. मागं घरातल्या भांड्यांचा आवाज येत होता.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कृषी सहायकापाशी पोचले तेव्हा तिनं अडवलं.

"अळीचं राहू द्या मॅडम. ते मले तवाच समजलं होतं. ते सहायक आमच्याही घरी आले होते, पेरनी झाल्यावर. तुमाले सांगितलं म्हने."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई म्हने, तुह्या मॅडमच्या तोंडावर बोल. म्हनून मी वर्गात उभी राह्यली. मले वाटलं, तुमी म्हनाल, बरोबर हाय. तुमी नेहमी म्हनत होत्या ना, बरोबर हाय, सांग पुढं."

"तुझं बरोबर होतं," मी म्हणाले.

"हो, पन हे तुमी मले फोनवर सांगून राह्यल्या. हसले तर सारे होते." मागं कुणीतरी तिला हाक मारली. ती म्हणाली, "येते, थांब." मग मला, "त्यायले सांगता का? त्या पोरायले?"

मी म्हणाले, ती मुलं आता कुठं कुठं आहेत, कसं सांगू.

"ते तुमी पाहा. तुमाले लिहता येते." फोन ठेवता ठेवता म्हणाली, "नाव नका टाकजा माहं. माह्या पोरी मी शिजवते त्याच शाळेत हायत."

फोन बंद झाला. आईनं तो पदराला पुसून आत नेला. मी निघाले तेव्हा तिनं 'या' म्हटलं नाही.

सोमवारी नव्या सरांना जागा दाखवली नाही. त्यांना सांगितलं की गावात ढीग घालायचा नाही, कुणाच्या धुऱ्यावर तर नाहीच. ज्या शेतातली पऱ्हाटी त्याच शेतात, ताजी असतानाच कुट्टी करणारं यंत्र आणता आलं तर अभ्यासक्रम चालवा, नाहीतर फळ्यावर शिकवा. ते म्हणाले, "पण मॅडम, दाखवायला..." आणि माझ्याकडं बघून थांबले.

त्या वर्गातले काही मला माहीत आहेत. एक पोलिसात आहे, संग्रामपूरला. एक पुण्याला गोदामात. एक बुलढाण्यातच कोर्टासमोर टायपिंग करतो आणि मला नमस्कार करतो. ज्यानं चिखल तुडवताना घरकुलाची थट्टा केली तो सरपंच होऊन गेला. चार-पाच मुलींचा पत्ता नाही. यातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी.

त्या दिवशी दाराजवळच्या बाकावरून जे विचारलं गेलं ते समाजशास्त्रच होतं, आणि ते नीट बोललेलं होतं. गंजी मी ठेवायला लावली होती. त्यात काय आहे ते मला मे महिन्यापासून ठाऊक होतं. तुम्ही हसलात, कारण मी तुम्हाला हसायला सांगितलं. तिला बस म्हणायचं राहिलं होतं.